चालवून बघ ना

"दादा, गाडीला काही प्रॉब्लेम नाही ना?"

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेसात वाजता, आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर, बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलानं मला हे विचारलं. मी माझी सात वर्षं जुनी दीडशे सीसीची बाइक विकायला काढली होती आणि तो ती बघायला आला होता. मी म्हणालो, "चालवून बघ ना."

तीन शब्द. त्यातला एकही खोटा नाही. त्यानं गाडी चालवून बघितली, सपाट रस्त्यावर एक किलोमीटर जाऊन आला, खूश झाला, दोन हजार रुपये टोकन दिलं आणि गेला. व्यवहार ठरला ४८,००० रुपयांना. जाता जाता सांगून गेला की दर शनिवारी गावी जायला गाडी हवी आहे, गाव भोरच्या पुढं, आईला दवाखान्यासाठी पुण्यात आणायचं-सोडायचं असतं.

भोर म्हणजे कात्रजचा चढ. आणि माझ्या गाडीचा क्लच चढावर स्लिप होत होता. मला ते माहीत होतं.

हा लेख त्या तीन शब्दांबद्दल आहे. पण आधी क्लचबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण हा बिघाड भलताच सोयीस्कर आहे. लपवावा लागत नाही, तो आपला आपण लपतो.

आपल्याकडच्या बहुतेक गिअरवाल्या बाइकमध्ये क्लच म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्यांची चळत असते. एक फ्रिक्शन प्लेट, एक लोखंडी प्लेट, पुन्हा फ्रिक्शन, पुन्हा लोखंडी. एका जातीच्या प्लेटा इंजिनच्या बाजूनं फिरतात, दुसऱ्या गिअरबॉक्सच्या बाजूनं. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर घट्ट दाबून धरतात आणि त्या घर्षणाच्या जोरावर इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचते. लिव्हर दाबली की दाब सुटतो आणि दोन्ही बाजू वेगळ्या होतात. लिव्हर सोडली की पुन्हा एक. हे सगळं इंजिन ऑइलमध्ये बुडालेलं असतं.

स्प्रिंगांचा दाब कमी पडला किंवा प्लेटा झिजल्या की त्या एकमेकींवरून घसरायला लागतात. इंजिन फिरतं, पण त्याचं सगळं फिरणं चाकाला मिळत नाही. गिअर एकच असेल तर इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग यांचं गणित पक्कं असतं. एक वाढला की दुसरा त्याच प्रमाणात वाढायलाच हवा. क्लच घसरतो तेव्हाच हे दोन काटे एकमेकांची साथ सोडतात.

मला हे पहिल्यांदा कळलं कात्रजच्या जुन्या घाटात. मागं मित्र बसलेला, दुपारची वेळ, गाडी चांगली तापलेली. एका टेम्पोला ओव्हरटेक करायला मी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिन किंचाळलं, आरपीएमचा काटा चार हजारांवरून साडेसहाकडे गेला आणि गाडी मात्र टेम्पोच्या बरोबरीनं लोंबकळत राहिली. समोरून एसटी उतरत होती. मी ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक मारला आणि टेम्पोच्या मागं परत शिरलो. मित्र म्हणाला, "काय रे, पिकअपच नाही गाडीला." हवेत जळका वास होता.

इंजिनिअर असल्यामुळं घरी येऊन मी शिस्तीत डिबगिंग केलं. आधी सगळ्यात स्वस्त शक्यता: केबल. लिव्हर दाबायला लागल्यावर सुरुवातीचा थोडा भाग रिकामा जायला हवा, साधारण दहा-पंधरा मिलिमीटर. ही ढिलाई नसेल तर तुम्ही हात लावला नसतानाही केबल क्लचला थोडं ओढून धरते आणि तो कायम अर्धवट सुटलेला राहतो. माझी केबल फारच ताणलेली होती. मी ॲडजस्टर फिरवून ढिली केली. थोडा फरक पडला, घसरणं गेलं नाही. दुसरी शक्यता: ऑइल. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, ते ओल्या क्लचला चालत नाहीत; म्हणून बाइकच्या ऑइलच्या डब्यावर 'जासो एमए' असं लिहिलेलं बघायचं. माझं ऑइल बरोबर होतं. उरल्या प्लेटा आणि स्प्रिंगा.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी एक फेरी मारली आणि एका वाक्यात निकाल दिला. "प्लेटा गेल्यात. हाफ क्लचवर चालवतोस ना?"

हो. वाकड ते हिंजवडी, पाच वर्षं, रोज दोन वेळा. त्या ट्रॅफिकमध्ये क्लच पूर्ण सोडायची वेळच येत नाही. दोन बोटं कायम लिव्हरवर, गाडी अर्ध्या क्लचवर इंचाइंचानं पुढं. तशी चालवताना प्लेटा सतत घासतात. नवी प्लेट आणि टाकाऊ प्लेट यांच्या जाडीत फरक असतो मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांचा. तेवढे दशांश मी माझ्या ऑफिसच्या वाटेवर खर्च केले होते.

काकांनी खर्च सांगितला ३,२००. पण प्लेटा मागवाव्या लागणार, चार दिवस लागणार. मला दहा दिवसांत बंगळुरूला रुजू व्हायचं होतं. विकायचीच आहे म्हटल्यावर काकांनी दुसरा पर्याय दिला. "स्प्रिंगांखाली वॉशर टाकून देतो. दाब वाढतो. महिना-दोन महिने कुणाला कळणार नाही."

मी ठाम नाही म्हणालो. फसवणूक आपल्याला जमणार नाही, असं काहीतरी बोललोसुद्धा. गॅरेजमधून बाहेर पडताना मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

आणि मग मी त्या मुलाला सकाळी साडेसातला बोलावलं.

सकाळी का? मला ऑफिस होतं, असं मी स्वतःला सांगितलं. शनिवारी मला ऑफिस नसतं. खरं कारण असं की झिजू लागलेला क्लच थंड असताना बहुतेक वेळा धरतो. तो उघडा पडतो तापल्यावर, वजन असताना, चढावर, वरच्या गिअरमध्ये. थंड गाडी, एकटा माणूस, सपाट रस्ता, एक किलोमीटर: माझ्या बिघाडाला अंधारात ठेवायला याहून चांगली टेस्ट राइड मी आखूनही आखू शकलो नसतो. आखली नव्हती असंही म्हणवत नाही. मी वॉशर स्प्रिंगखाली टाकला नाही, वेळापत्रकात टाकला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी जे सगळेच करतात ते केलं. आपण बरोबर आहोत हे सिद्ध करणारं काही सापडतंय का, ते मोबाइलवर शोधत बसलो.

सापडलं. थेट कायद्यातच सापडलं. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं तिथं म्हटलंय, आणि उदाहरण दिलंय घोड्याचं. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे. तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा घोडा म्हणजे आजची बाइकच की! मला हायसं वाटलं. वॉशरचं प्रकरण वेगळं; दोष हातानं झाकणं याला तोच कायदा फसवणूक म्हणतो. म्हणजे गॅरेजमध्ये मी बरोबर होतो आणि गेटवरही बरोबरच.

पण खाली आणखी उदाहरणं होती. दुसऱ्यात घोडा विकत घेणारी विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथं नात्यामुळंच सांगणं बापाचं कर्तव्य ठरतं. आणि तिसऱ्यात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. इथं त्याचं गप्प राहणं बोलण्यासारखंच धरायचं, असं कायदा सांगतो.

"काही प्रॉब्लेम नाही ना?" यातला तो शेवटचा 'ना' मला तेव्हा ऐकू आला. मराठीत हा 'ना' नुसती माहिती विचारत नाही. तो सांगतो की मी जवळजवळ विश्वास ठेवलेलाच आहे, फक्त तुम्ही मान हलवा. माझ्या उत्तरातही 'ना' होता. त्याच्या 'ना'नं माझ्यावर भार टाकला होता, माझ्या 'ना'नं तो परत त्याच्या अंगावर ढकलला.

वकिली बाजूनं जमेना, म्हणून तत्त्वज्ञानाकडे वळलो. रोमच्या सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४४ मध्ये, अथेन्समध्ये शिकणाऱ्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात हाच वाद आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन तिथं पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्यानं वाटेत पाहिलंय. त्यानं ते सांगायचं, की गप्प राहून चढ्या भावानं विकायचं?

यावर दोन स्टोइक गुरू-शिष्यांची मतं सिसेरो मांडतो. गुरू डायोजेनिस म्हणतो, कायदा जेवढे दोष सांगायला लावतो तेवढे सांगा, लबाडी करू नका, बाकी चांगला भाव मिळवा. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. घर विकताना 'रोगट घर विकणे आहे' अशी दवंडी कोण पिटतं? शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसं एकमेकांशी बांधलेली आहेत. विकणाऱ्याला माहीत असलेलं सगळं घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

मी अर्थातच डायोजेनिसच्या पार्टीत होतो. 'क्लच स्लिप होणारी बाइक विकणे आहे' अशी जाहिरात मीही टाकली नव्हती. पण सिसेरो स्वतः निकाल देताना एक व्याख्या करतो आणि ती टाळता येत नाही. त्याचं म्हणणं साधारण असं: प्रत्येक गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. पण जे समजल्यानं समोरच्याचं हित आहे ते त्याला कळू नये, अशी तुमच्या फायद्यासाठी तुमची इच्छा असेल, तर ते लपवणं.

इच्छा. मी काय बोललो हे तो विचारतच नाही. त्या मुलाला कळू नये असं मला वाटत होतं का, एवढंच विचारतो. साडेसातची वेळ हे त्याचं उत्तर होतं.

तरी माझ्याकडं एक युक्तिवाद शिल्लक होता आणि तो सगळ्यात हुशार होता. जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा एक प्रसिद्ध निबंध आहे, जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते याच धाटणीच्या कामासाठी. मुद्दा असा: गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. मग चांगल्या गाड्यांचे मालक म्हणतात, या भावात कशाला विकू, आणि बाजारातून निघून जातात. उरतात रद्दी गाड्या.

यातून मी काढलेला सोयीस्कर निष्कर्ष असा. सगळे लपवतात हे घेणाऱ्याला माहीत असतं. म्हणून तो आधीच कमी भाव देतो. म्हणजे माझ्या गप्प राहण्याची किंमत त्यानं कापून घेतलेलीच आहे. आता मी क्लचचं सांगितलं तर पुन्हा कापणार. एकाच दोषाचे पैसे मी दोनदा का भरू?

या युक्तिवादावर मी दोन दिवस तरलो. मग त्यातली चूक दिसली. सरासरी भाव अनोळखी माणसासाठी असतो. घेणारा काही विचारत नाही, डोळे मिटून जुगार खेळतो, तोवर हे गणित लागू आहे. पण ज्या क्षणी तो मुलगा थांबला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, त्या क्षणी त्यानं मला सरासरीतून बाहेर काढलं. बाजारानं दिलेली सूट बाजाराच्या अविश्वासासाठी होती. त्यानं मात्र विश्वास ठेवायची तयारी दाखवली होती. मला सूटही वसूल करायची होती आणि विश्वासही वापरायचा होता. दोनदा पैसे घेणारा मीच होतो.

आणि मूळ हिशेब तर फारच साधा होता. ते दशांश मिलिमीटर मी वापरले होते. पाच वर्षांच्या हाफ क्लचचं बिल ३,२०० रुपये आलं होतं आणि मी ते गुपचूप दुसऱ्याच्या नावावर फाडत होतो. शिवाय ते बिल गॅरेजमध्येच फाटेल याची खात्री नव्हती. माझं जवळजवळ एसटीसमोर फाटलं होतं.

आपल्याकडं याला उत्तर म्हणून एक म्हण तयार असते: झाकली मूठ सव्वा लाखाची. स्वतःच्या अब्रूबाबत ती ठीक असेल. दुसऱ्याच्या आईला मागं बसवून घाट चढायच्या गाडीबाबत ती म्हण कुठल्या तोंडानं वापरायची?

आणि तीन शब्दांत एकही खोटा नव्हता, या समाधानाचं काय? त्यासाठी आपल्याकडं युधिष्ठिर आहे. अश्वत्थामा मेला, हे त्यानं मोठ्यानं सांगितलं. हत्ती, हे पुटपुटला. 'नरो वा कुंजरो वा' आपण आजही म्हणतो. लहानपणी मला या गोष्टीतला रथ आवडायचा. सत्यवादी म्हणून त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि त्या दिवशी खाली टेकला. तेव्हा वाटायचं, फक्त चारच बोटं? एवढीच शिक्षा? आता वाटतं की गोष्ट रचणाऱ्याला माणूस बरोबर कळला होता. अर्धसत्यानं कुणी खड्ड्यात पडत नाही. तो फक्त इतर सगळ्यांसारखा जमिनीवर येतो, आणि चालत राहतो. कुणाला कळतही नाही. माझंही कुणाला कळलं नसतं.

ऑफिसात आम्ही प्रत्येक रिलीजबरोबर एक यादी देतो: माहीत असलेले दोष. अमुक स्क्रीन अमुक वेळी अडकते, तमुक रिपोर्ट उशिरा येतो. ती यादी लिहिताना आपण फार प्रामाणिक आहोत असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही. कारण क्लायंटला सोमवारी दोष सापडला तर मंगळवारी तो फोन करणार, हे माहीत असतं. भोरच्या मुलानं फोन केला असता तेव्हा मी बंगळुरूत असतो. माझा ऑफिसातला प्रामाणिकपणा किती माझा आणि किती त्या फोनच्या भीतीचा, हे मला या बाइकनं दाखवलं.

मंगळवारी रात्री मी त्याला फोन केला. सांगितलं: क्लच चढावर स्लिप होतो, प्लेटा बदलाव्या लागतील, ३,२०० खर्च आहे. टोकन परत हवं असेल तर आत्ता पाठवतो.

मला वाटलं होतं तो आभार मानेल. खरं सांगायचं तर मी थोडी तयारीही केली होती, 'अरे त्यात काय' म्हणायची.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी विचारलं होतं ना त्या दिवशी?"

"हो."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

माझ्याकडं कायदा होता, सिसेरो होता, ॲकरलॉफ होता. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"अजून काय काय आहे?"

मी म्हणालो, दुसरं काही नाही. आणि बोलता बोलताच कळलं की या वाक्याला आता काही वजन उरलेलं नाही. ते शंभर टक्के खरं होतं. शनिवारी म्हणालो असतो तर त्यानं मान डोलावली असती. माझं तोंड चालू होतं, आवाज जात होता, पण पलीकडं काही पोचत नव्हतं. काटा वर, वेग तेवढाच.

टोकन त्यानं परत मागितलं नाही. बुधवारी संध्याकाळी आला, बरोबर फिटर असलेला चुलतभाऊ घेऊन. या वेळी रस्ता त्यानं ठरवला. गाडी आधी वीस मिनिटं शहरातून फिरवून तापवली. मग कात्रजच्या चढाला लागला आणि मला म्हणाला, "तुम्ही बसा मागं." चुलतभाऊ त्याच्या गाडीवर मागून येत होता.

ही बरोबर टेस्ट होती. तापलेलं इंजिन, दोन माणसांचं वजन, चढ, चौथा गिअर. जी मी त्याला करायला सांगायला हवी होती, ती त्यानं माझ्यावरच केली. मी मागून त्याच्या खांद्यावरून काट्याकडं बघत होतो. त्यानं ॲक्सिलरेटर पिळला, काटा वर गेला, गाडी जिथल्या तिथं. तो काही बोलला नाही. बाजूला थांबून चुलतभावाला मान हलवून सांगितलं. मग त्यानं चेन, टायर, चेसिस नंबर, कागदपत्रं, सगळं तपासलं. मी तोंडानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट बॅटरी लावून पुन्हा बघितली. काही सापडलं नाही.

व्यवहार ४४,००० ला झाला. खर्चापेक्षा आठशे रुपये जास्त कापले त्यानं. ते कशाचे, हे मी विचारलं नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना त्यानं पुन्हा विचारलं, "दादा, नक्की दुसरं काही नाही?" या वेळी वाक्याच्या शेवटी 'ना' नव्हता.

"नाही," मी म्हणालो. तो चुलतभावाकडं बघत होता.